प्रॉपर्टीच्या टेबलावरून

ती. आप्पा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर आप्पांनी विचारलं, "तू तिथं नाटकात नक्की करतेस काय?" मी "मदत करते" एवढंच म्हटलं आणि विषय बदलला, कारण मागून दादाची घाई चालली होती. फोन ठेवल्यावर मात्र ते उत्तर टोचत राहिलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर चाललं असतं. पण आप्पा, तुमची अर्धी हयात विंगेत गेली, तुम्हाला असं मोघम उत्तर द्यायला नको होतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मी जाते ते इथलं कम्युनिटी थिएटर म्हणजे आपल्याकडची हौशी नाट्यसंस्थाच समजा. फक्त इथं वर्षभराची नाटकं आधीच ठरवून जाहीर करतात. त्याला सीझन म्हणतात, आणि नेहमीचे प्रेक्षक सगळ्या नाटकांची तिकिटं एकदमच काढून ठेवतात. यंदा चार नाटकं आहेत आणि चारही विनोदी. नट, दिग्दर्शक, दारावर तिकीट बघणारे, पडद्यामागचे, कुणालाच मानधन नाही. पैसा जातो तो लाकडात, रंगात, कापडात आणि लेखकाच्या हक्कांत. हक्काचे पैसे दर प्रयोगामागे भरावे लागतात आणि परवानगीशिवाय संहितेतलं एक वाक्यही बदलता येत नाही. यंदाचं एक नाटक ऑस्कर वाइल्डचं, १८९५ सालचं. त्याचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे त्याला हा खर्च नाही. असं एखादं नाटक सीझनमध्ये असलं की खजिनदाराला हायसं वाटतं.

मी खरं तर ऑडिशनला गेले होते. भूमिका मिळाली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न होता: भूमिका मिळाली नाही तर दुसरं कुठलं काम कराल? खाली यादी होती. सुतारकाम, रंग, शिवण, प्रकाश, तिकीटखिडकी, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू. प्रॉपर्टी हा शब्द वाचला आणि तुमची ती हिरवी पत्र्याची ट्रंक डोळ्यांसमोर आली. झाकणाच्या आतून चिकटवलेली वस्तूंची यादी, तिच्यावर लाल पेन्सिलच्या खुणा. प्रयोगाच्या रात्री त्याच ट्रंकेवर बसून मी विंगेतून तुमच्याकडे बघत असायची. तुमच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात संहिता, आणि ओठ सतत हलत असायचे. मी त्या रकान्यात खूण केली.

पहिलं नाटक होतं 'नॉइजेस ऑफ'. आप्पा, हे तुम्हाला दाखवायला हवं होतं. मायकेल फ्रेन या लेखकानं १९७० साली स्वतःच्याच नाटकाचा प्रयोग विंगेत उभं राहून पाहिला आणि समोरून दिसतं त्याहून मागून ते जास्त मजेशीर आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून १९८२ साली हे नाटक आलं. पहिल्या अंकात एका नाटक कंपनीची रंगीत तालीम चालू असते. दुसऱ्या अंकात तेच नाटक आपण मागून बघतो. पुढे प्रयोग चालू आहे, मागे भांडणं चालू आहेत, आणि आवाज करायची सोय नाही म्हणून सगळी भांडणं मुक्यानं. तिसऱ्या अंकात पुन्हा समोरून, आणि तोवर सगळ्याचा बोजवारा उडालेला असतो.

म्हणजे पहिल्या अंकानंतर दुमजली सेट चाकांवर अख्खाच्या अख्खा फिरवायचा आणि दुसऱ्यानंतर परत सरळ करायचा. आम्ही दहाजण होतो. प्रत्येकानं कुठला खांब धरायचा हे ठरलेलं. पण सेट फिरवण्यापेक्षा अवघड होती ती दारं. आमच्या सेटला सात दारं होती आणि या नाटकातला निम्मा विनोद दारांवर आहे. एक जण या दारातून गेला की त्याच क्षणी दुसरा त्या दारातून आला पाहिजे. इथं एक निवृत्त सुतारआजोबा आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या हाताखाली मी सहा शनिवार काढले. कापडी फ्लॅटमध्ये, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीत, दार बसवलं तर आपटल्यावर सगळी भिंत लहरते आणि घर खोटं आहे हे प्रेक्षकांना कळतं. म्हणून प्लायवूडचे फ्लॅट, आणि प्रत्येक चौकटीमागे जमिनीपर्यंत तिरके टेकू. मूठ नुसती दिसायला. आत कडी नाही, लोहचुंबकाची पकड, म्हणजे धावत आलेल्या नटाच्या हातात दार अडकत नाही. आजोबांना ऐकू कमी येतं. ते चौकटीवर तळवा टेकवून मला दार आपटायला सांगायचे. हाताला थरथर लागली की मान हलवायचे आणि आणखी एक टेकू. सातही दारं त्यांनी अशी तळव्यानं तपासली.

त्या नाटकाच्या शेवटच्या प्रयोगानंतर त्याच रात्री आम्ही सेट उतरवला. नटसुद्धा रंग पुसून हातोडी घेऊन हजर. ही इथली पद्धत मला फार आवडली. मुख्य भूमिका करणारी बाई जमिनीवर बसून स्क्रू वेगळे करत होती. लांब एका डब्यात, आखूड दुसऱ्या डब्यात. दारं काढून ठेवली आहेत. त्यांतलं एक सीझनच्या शेवटी 'हार्वी'मध्ये लागणार आहे. त्या नाटकात सहा फुटांहून उंच असा एक ससा आहे, जो प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. त्याच्या येण्याजाण्यानं दार मात्र आपोआप उघडतं आणि मिटतं. १९४४ साली न्यूयॉर्कला सुरू झालेलं ते नाटक १,७७५ प्रयोग चाललं. एवढ्या प्रयोगांत विंगेत बसून कुणीतरी ते दार ओढलंच असेल. आमच्याकडे नायलॉनची बारीक दोरी लावून ओढायचं ठरलंय आणि ते काम मी आत्ताच मागून ठेवलंय.

दुसरं नाटक वाइल्डचं, 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'. त्याची प्रॉपर्टी पूर्णपणे माझ्याकडे होती. विंगेत एक लांब टेबल, त्यावर तपकिरी कागद ताणून लावलेला. प्रत्येक वस्तू कागदावर ठेवून तिच्याभोवती रेघ मारायची आणि आत नाव लिहायचं. सिगारेट केस, डायरी, चहाची किटली, दोन कानांची काळी चामडी हँडबॅग. निळ्या दिव्याच्या अंधुक उजेडात नुसती नजर टाकली की कुठली चौकट रिकामी आहे ते दिसतं. ज्याची वस्तू त्यानंच उचलायची आणि परत त्याच चौकटीत ठेवायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अगदी सरकवायचीसुद्धा नाही. तुमच्या यादीपेक्षा मला हे सोपं वाटलं. पण तुमच्यासारख्या लाल खुणा मी त्या कागदावरही केल्याच.

या नाटकात खाणं खरं लागतं. पहिल्या अंकात मावशी चहाला यायची असते. तिच्यासाठी काकडीची सँडविचेस मुद्दाम करून ठेवलेली असतात आणि तिचा भाचा बोलता बोलता ती सगळी फस्त करतो. मावशी सँडविच मागते तेव्हा ताटली रिकामी. आता नटाला खाता खाता भराभर संवाद म्हणायचे आहेत. पाव कोरडा असेल तर घास घशात अडकतो, जाड असेल तर चघळण्यात वाक्य मागे पडतं. चार तालमी मी नुसत्या सँडविचवर घालवल्या. शेवटी कडा काढून पातळ लाटलेला पाव, आत पुसटसं लोणी, काकडीची एकच चकती, दोन घासांत संपेल एवढा तुकडा, आणि वर प्रवेशापर्यंत ओला रुमाल. बरोबर आठ तुकडे. आठवा कुठल्या वाक्यावर तोंडात जातो ते मी संहितेत लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या प्रयोगाला ताटलीत नऊ गेले. चूक माझी. मोजताना कुणीतरी बोलायला आलं आणि मी परत मोजले नाहीत. विंगेतून मला दिसत होतं, मावशी आत आली आणि ताटलीत एक तुकडा तसाच. माझे हातपाय गार पडले. रिकामी ताटली बघूनच तर लोक हसायचे असतात. नटानं तो बघितला. मावशीची पाठ वळेपर्यंत थांबला, अख्खा तुकडा तोंडात कोंबला आणि पुढचं वाक्य गालफडं फुगवून म्हटलं. एवढा मोठा लाफ्टर सबंध नाटकात कुठे आला नव्हता. प्रयोग संपल्यावर मी त्याची माफी मागितली, तर म्हणाला, उद्याही नऊच ठेव. दिग्दर्शक नको म्हणत होता, पण ठेवले. त्यानं तेच केलं, तसंच केलं, आणि प्रेक्षकांत चुळबूळसुद्धा झाली नाही. आदल्या रात्री तो खरोखर अडकला होता, ते लोकांना कळलं होतं. दुसऱ्या रात्री तो अडकल्यासारखं करत होता, तेही कळलं. चौथ्या प्रयोगापासून पुन्हा आठ, आणि मी दोनदा मोजते.

आप्पा, तुम्ही म्हणायचा की रडवणं नटाच्या हातात असतं, हसवणं सगळ्या कंपनीच्या. तेव्हा ते मला नुसतं बोलण्यापुरतं वाटायचं. आता रोज बघतेय. तालमीत तर विनोदी नाटकाचे फार हाल. पहिल्या आठवड्यात सगळे खदखदून हसतात, तिसऱ्यात कुणाला ओठही हलवावासा वाटत नाही, आणि मग नटांना वाटायला लागतं की यात हसण्यासारखं काही नाहीच. म्हणून इथं रंगीत तालमीला स्वयंसेवकांच्या घरच्यांना बसवतात. त्या दिवशी पहिल्यांदा हशा आला आणि तीन वाक्यं हशात बुडाली. कारण थांबायची सवयच नव्हती. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबलं तर नाटक थंड पडतं. मध्येच बोललं तर पुढच्या वेळी लोक हसायला कचरतात. हशा चढून उतरायला लागला की तेवढ्यात वाक्य टाकायचं. तुम्ही विंगेतून तळहात वर धरायचा आणि हळूच खाली आणायचा, ते हेच होतं ना? मला वाटायचं, तुम्ही त्यांना हळू बोला म्हणताय.

आमच्या इथं प्रयोगात प्रॉम्प्टिंग नाही. तालमीत नट अडला की "लाइन" म्हणतो आणि संहिता घेऊन बसलेला माणूस वाक्य देतो. प्रयोगात मात्र ज्याचं त्यानं सांभाळायचं. मला हे अजून पटत नाही. तुम्ही अर्धाच शब्द फेकायचा, तोही प्रेक्षकांना ऐकू येणार नाही असा, आणि नट सावरायचा. ती कला इथल्या कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. तिसरं नाटक कुठलं, माहितीये? 'चार्लीज आन्ट'! सीझनची यादी लागली तेव्हा मी तिथंच ओरडले. सगळ्यांना सांगितलं की आचार्य अत्र्यांनी याच नाटकावरून 'मोरूची मावशी' लिहिलं आणि आमच्याकडे लहान पोरालाही मावशी माहीत असते. विजय चव्हाणांची मावशी मी त्यांना दाखवली. भाषा एका शब्दानं कळत नव्हती, तरी सगळे हसत होते, आणि दिग्दर्शकानं त्यांचा पदर सावरण्याचा एक तुकडा तीनदा बघितला. मूळ नाटक १८९२ सालचं. लंडनमध्ये ते १,४६६ प्रयोग चाललं. १८९२ मध्ये लिहिलेला घोटाळा आमच्या तालमीत अजून तसाच्या तसा चालतो.

या वेळी माझ्याकडे प्रॉपर्टी नाही, मावशीचे कपडे आहेत. विंगेत उभं राहून नटाला पुरुषाची बाई आणि बाईचा पुरुष करायचं. एका ठिकाणी त्याला जेमतेम पाऊण मिनिट मिळतं. आत पँट तशीच ठेवून वर काळा रेशमी झगा, शाल, टोप, चष्मा. गेल्या तालमीत हुक लावेपर्यंत पुढची एन्ट्री निघून गेली. वेल्क्रो लावून बघितलं, पण काढताना त्याचा आवाज दहाव्या रांगेपर्यंत जातो.

आई, म्हणून हे शेवटचं तुझ्यासाठी. आप्पांच्या ऑफिसच्या मंडळींनी 'मोरूची मावशी' केलं होतं, तेव्हा मावशीचं लुगडं तू शिवून दिलं होतंस. तो माणूस नुसता पाय घालून वर ओढायचा आणि मावशी तयार. मी खूप आठवून बघितलं, पण पाठीमागं तू काय केलं होतंस, नाडी होती की इलास्टिक, आणि पदर कुठं टाचला होतास, ते काही आठवत नाही. कागदावर काढून त्याचा फोटो पाठवशील का? झग्यालाही तेच तंत्र लागू पडेल असं वाटतंय. नटाची उंची सहा फूट एक इंच, छाती ४२, कंबर ३८, आणि खांदे चांगले रुंद आहेत. गुरुवारी पुढची तालीम आहे, त्याच्या आत मिळालं तर बरं.

तुमची,
धाकटी