विषय: ब्रोचमधले केस कुठे आहेत? (तिसरं पत्र)

प्रति,
व्यवस्थापक, दुरुस्ती विभाग

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. पंचवीस मिनिटं गेली, त्यातली निम्मी गाणं ऐकण्यात. म्हणून पुन्हा लेखी.

ब्रोच तुम्हाला आठवत असेलच. काउंटरवर तुमच्याच माणसाने भिंगातून बघून जॉब कार्डवर 'व्हिक्टोरियन' लिहिलं होतं. सोन्याची चौकट, भोवती पांढरं मीनाकाम, १८६३ साल कोरलेलं, मागे काचेखाली केसांची गुंफलेली बट आणि बारीक मोती. काम एकच होतं, सैल झालेली पिन घट्ट करायची. केसांना हात लावायचा नाही हे मी दोनदा सांगितलं आणि कार्डवर लिहूनही घेतलं.

ब्रोच परत आला तो लखलखीत. पिन घट्ट, काच नवी कोरी, आणि आत केस नाहीत.

आजच्या फोनवरचा संवाद जसाच्या तसा देते, तुमच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. 'मॅडम, क्लीनिंगमध्ये आत केस सापडला. हायजीन पॉलिसीप्रमाणे काढून टाकला.' सापडला! वरणात सापडावा तसा. मी म्हटलं, अहो, तो दागिना केसांसाठीच केलेला आहे, गेलेल्या मुलाचे केस आहेत ते. 'तुमच्या फॅमिलीतले का मॅडम?' नाही, मी तो लंडनच्या बाजारात घेतला. 'मग एवढं काय मॅडम?' पुन्हा गाणं. मग आवाजात मध: 'सीनियरशी बोललो. अशुभ वस्तू घरात नसलेलीच बरी. पण तुम्हाला हवेच असतील तर मॅचिंग हेअर बसवून देऊ, फ्री. ब्राऊन की ब्लॅक?'

ब्राऊन की ब्लॅक!

तुमच्या जाहिरातीत 'पुरातन दागिन्यांचे जाणकार' आहेत, तेव्हा पुढचं सगळं त्यांना पाठच असणार. तरी त्या सीनियरांसाठी लिहिते. राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला गेला आणि १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत तिने काळा पोशाख सोडला नाही. गेलेल्या माणसाच्या आठवणीत दागिने घालण्याची ही रीत त्याआधीचीच, पण राणीमुळे तिला जोर आला. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात जेट कोरणाऱ्यांची चलती झाली. जेट म्हणजे लाकडाचंच दगडासारखं झालेलं काळं, हलकं रूप. विधवांना सुरुवातीच्या कडक सुतकात चकाकणारं काही चालत नसे, मग हेच. आपल्याकडे मरण आलं की बाईच्या अंगावरचं उतरवत, तिकडे नवं चढवत, एवढाच फरक. अशुभ कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

मीनाकाम बहुधा काळं असे. पांढरं असलं तर गेलेली व्यक्ती लहान किंवा अविवाहित. माझ्या ब्रोचवर वय सहा कोरलेलं आहे.

आणि केस का, तर केस कुजत नाहीत. जवळचं माणूस गेलं की बट कापून सोनाराकडे देत. त्या काळच्या बायकांना एकच धास्ती असे, सोनार आपल्या माणसाचे केस ठेवून भलत्याचेच तर बसवणार नाही ना? म्हणून कित्येक जणी हे काम घरीच शिकत, मासिकांतून त्याची माहिती छापून येई. दीडशे वर्षांनी ती धास्ती खरी करून दाखवणारे तुम्ही निघालात, तेही फ्री. अभिनंदन.

केसांना हात लावायचा नाही, हे कार्डवर लिहिलेलं आहे. पुन्हा लिहिते, कारण फोनवरच्या एकानेही ते कार्ड उघडून पाहिलं नाही.

आईच्या पाटल्या तुमच्याकडेच घडल्या. त्या वेळी दुकानात एक म्हातारे कारागीर होते, वस्तू हातात घेण्याआधी हात पुसायचे. आता हायजीन पॉलिसी आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि मी निवृत्त आहे, वेळच वेळ आहे. कूपन पाठवू नका.

ता. क. केस आत एका पांढऱ्या चकतीवर डिंकाने चिकटवलेले होते. ती चकतीही नाही, जुनी काचही नाही. म्हणजे तिन्ही एकत्रच कुठेतरी गेलंय. कारागिराच्या टेबलाचा खण आणि त्या आठवड्याचा भंगाराचा डबा, दोन्ही आजच बघायला सांगा. उद्या नको.