लाभ, दोन, तीन

कोपरखैरणे, नवी मुंबई
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात एका आजींच्या गुडघ्यावर होते, म्हणून दोन वाक्यांत आटोपलं. पण तुझा प्रश्न दोन वाक्यांचा नव्हता. लेकीला फिजिओथेरपीला घालू का, आणि अण्णा म्हणतात तसं एवढी वर्षं शिकून शेवटी मालिशच करायची का? आज क्लिनिक बंद आहे. सकाळपासून मनात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे. वाचून झालं की लेकीच्या हातात दे.

प्रवेशाचं आधी उरकतो. नीट (NEET) ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पदवी बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. माझ्या वेळी चार वर्षं कॉलेज आणि सहा महिने इंटर्नशिप होती. आता अभ्यासक्रम बदलतोय, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघ, माझ्यावर विसंबू नकोस. पास झाल्यावर राज्य परिषदेकडे नोंदणी करायची. सुरुवातीला पगार कमी असतो, हे आत्ताच ऐकून ठेव. या बाबतीत एवढंच. खरं सांगायचंय ते एका मामांबद्दल आणि माझ्याकडे इंटर्नशिप करणाऱ्या एका मुलीबद्दल.

मामा पावसाच्या तोंडावर आले. पाटण तालुक्यातले, म्हणजे आपल्याच मुलखातले. सगळं आयुष्य माथाडी म्हणून गेलं. आधी मस्जिद बंदरला, मग बाजार इकडे तुर्भ्याला आला तेव्हा त्याच्यामागे तेही आले. शंभर किलोची गोणी पाठीवर घेतलेला माणूस, आणि माझ्याकडे आला तो बायको आणि पुतण्याच्या मध्ये लोंबकळत. पक्षाघाताने उजवा हात, उजवा पाय गेलेला. वाचाही गेलेली. बोललेलं बरंचसं समजायचं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. मेंदूच्या डाव्या बाजूला घाव बसला की पुष्कळदा असं होतं.

ते पडले पहाटे. घरच्यांना वाटलं अंगावरून वारं गेलं, उन्हं वर आली की उतरेल. दुपारी दवाखान्यात नेलं. बाळ्या, हे गावात प्रत्येकाला सांग. तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोबडी वळली, की तिथल्या तिथे गाडी काढायची आणि सीटी स्कॅन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं. गुठळीमुळे झालेल्या झटक्यात ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. नंतर कितीही पैसे ओतले तरी ती वेळ परत येत नाही. मामांची ती वेळ गेली. वर घरी आल्यावर पाच आठवडे कुणाच्या तरी सांगण्यावरून तेल चोळण्यात गेले. पहिल्या तीन महिन्यांत शरीर सगळ्यांत भराभर परत येतं, आणि त्यातले पाच आठवडे असे गेले. अण्णांना सांग, मालिश आणि आमचं काम यातला फरक मी या माणसाच्या अंगावर बघितलाय. उचलताना रोज बगलेत हात घालून ओढल्यामुळे त्यांचा उजवा खांदा बोटभर खाली उतरला होता. माया करणाऱ्या माणसांनीच तो उतरवला, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की लुळ्या हाताला धरून कधी ओढायचं नसतं.

मी मामांना त्या इंटर्न मुलीकडे दिलं. माणदेशातली आहे. अंगाने बारीक, आवाज हळू. पहिल्या दिवशी मामांच्या बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, ही पोर ह्यांना पेलंल का?" पेललं. खुर्चीतून उठवायची युक्ती ताकदीची नाहीच. पाय मागे घ्यायचे, कमरेला पट्टा बांधून तिथेच धरायचं, आपल्या गुडघ्याने त्यांच्या लुळ्या पायाचा गुडघा अडवायचा आणि माणसाला पुढे वाकवायचं. नाक पायाच्या बोटांपुढे गेलं की वजन आपोआप पायावर येतं आणि बूड सुटतं. मामा पहिल्यांदा तसे उठले तेव्हा स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

आता माझी चूक सांगतो. आमचं सगळं काम मोजण्याचं. दहा वेळा उठणं, पाच आकडे धरून ठेवणं, गुडघा किती अंश वाकला, तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागले. क्लिनिकमध्ये एका पेशंटमागे दुसरा बसलेला असतो आणि मी घड्याळाकडे बघत असतो. त्या दिवशी ही मुलगी मामांच्या बायकोला विचारत होती, गावाकडे भात लावून झाला का, नाचणी किती टाकली. पंधरा मिनिटांत मामा चारदा उठले होते. मी सगळ्यांदेखत तिला म्हणालो, "गप्पा मारायला आलीस का? मोजायला शिक आधी." ती काही बोलली नाही. मामांनी मात्र डावा हात वर करून मला थांबवलं. आत्ता लिहितानाही तो हात दिसतोय.

दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या कॉटवर एकांचा ऑपरेशन झालेला गुडघा मोजत होतो. इकडे तिने मामांना पुढे वाकवलं आणि उठवता उठवता हळूच म्हणाली, "लाभ."

तुला आठवतं का रे? तुमच्या खळ्यावर आजोबा पायलीने ज्वारी मोजायचे. पहिलं माप पोत्यात टाकताना "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, मग दोन, मग तीन. मी एकदा "एक" म्हणालो तर त्यांनी माप पुन्हा ओतायला लावलं होतं. मी ते पार विसरलो होतो. तिच्या घरी अजून तसंच मोजतात.

ती "लाभ" म्हणाली आणि मामा बसले. पुन्हा उठताना त्यांच्या तोंडून आलं, "दोन." जड, घशातून, पण स्पष्ट. मग तीन. मग चार. नऊपर्यंत गेले. माझ्या हातातला गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचे अंश मोजायची पट्टी, तसाच राहिला, किती अंश ते वाचायचंच राहून गेलं.

बायकोने पदर तोंडाला लावला आणि मला विचारलं, "आता बोलतील ना?" इथे सांभाळावं लागतं, बाळ्या. खोटी आशा देणं सोपं आणि तोडून टाकणंही सोपं. मी त्यांच्याजवळ बसलो आणि सांगितलं की ओळीने पाठ असलेलं, म्हणजे आकडे, वार, आरती, कधी कधी शिवीसुद्धा, असा माणूस म्हणू शकतो. ते जणू दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. मनातला शब्द निवडून बोलणं वेगळं, ते अजून बंद आहे. पण आत माणूस आहे आणि वाट अगदीच बुजलेली नाही. त्यांना वाशीला स्पीच थेरपिस्टकडे पाठवायची चिठ्ठी खरं तर मी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. ती त्या दिवशी दिली.

त्या मुलीने मात्र तिथेच न थांबता विचारलं, "मामा, नातवंडं किती?" मामांचे ओठ हलले, काही येईना. कपाळावर घाम आला. ती थांबली. मी असतो तर बोटं दाखवून मोकळा झालो असतो. ती नुसती थांबली. मग मामांनी सुरुवातीपासून धरलं, "लाभ... दोन... तीन," आणि तिथे थबकले, आणि तिच्याकडे बघून मान हलवली. तीन. मधला आकडा एकटा उचलता येत नव्हता, म्हणून पहिल्यापासून चालत तिथवर आले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर तिची माफी मागितली. ते गरजेचं होतं, कारण ओरडलोही सगळ्यांसमोरच होतो.

पुढचं लेकीसाठी लिहितो. आमच्याकडे स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. पाच म्हणजे धडधाकट. तीन म्हणजे निदान स्वतःचं वजन वर उचलता येतं. शून्य म्हणजे काहीच नाही. आणि एक म्हणजे सांधा हलत नाही, डोळ्याला नीट काही दिसतही नाही, पण स्नायूवर बोट ठेवलं तर आत कुठेतरी फुरफुरल्यासारखं लागतं. पक्षाघातात ही मोजणी पुरी पडत नाही, अंग कडक व्हायला लागलं की तिचा भरवसा कमी होतो. पण अंग अजून ढिलं असतं तेव्हा शून्य आणि एक यातला फरक हाताने कळायला लागतो, आणि हे कुठलंही यंत्र बोटाइतकं पटकन सांगत नाही. ही मुलगी रोज मामांच्या उजव्या हाताच्या मनगटामागच्या स्नायूवर दोन बोटं ठेवून म्हणायची, "मामा, पंजा वर घ्या." रोज शून्य. केसपेपरवर शून्यांची रांग झाली होती. श्रावणातल्या एका सकाळी मला लांबूनच हाक आली, "सर, लाभ!" मी माझी बोटं ठेवली. होतं. पाल आत चुकचुकावी एवढंच, पण होतं.

सगळेच असे नसतात. एक मुलगा हुशार आहे, पेपरात पहिला येतो, पण पेशंट आला की आयएफटीचे, म्हणजे विजेच्या सौम्य प्रवाहाने दुखणं कमी करणाऱ्या यंत्राचे, पॅड लावून वीस मिनिटं बाजूला जाऊन बसतो. यंत्रं वाईट नाहीत, दुखणं कमी करायला मीही वापरतो. पण पॅड लावले म्हणजे उपचार झाला असं वाटायला लागलं की माणूस हात लावणं विसरतो. पेशंटलाही सवय लागते, "आज शेक दिलाच नाही" म्हणून तक्रार करतात. त्या मुलाशी मी भांडतोय अजून. सोडणार नाही.

अण्णांना आणखी एक सांग. आपल्या वर्गात पोलिओच्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची चौकट, लावून येणारा तो आठवतो ना, सुट्टीची घंटा झाली की सगळ्यांत शेवटी निघायचा, कारण गर्दीत पडायचा? आपल्या देशात ही विद्या रुजली तीच पोलिओच्या साथींमुळे. परळच्या केईएममध्ये १९५३ साली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, मग १९५५ला हाजीअलीची पुनर्वसन संस्था आली. देशातला नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११मध्ये, आणि २०१४च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्या विद्यार्थ्यांनी पोलिओचं मूल पाहिलेलंच नाही. त्यांच्यासमोर येतात ते पक्षाघाताचे मामा, लोकलमधून पडलेली पोरं, गुडघे बदललेल्या आज्या आणि सेरेब्रल पाल्सीची लहान मुलं. पण त्याच्यासारखा माणूस घंटा झाल्यावर सगळ्यांबरोबर निघाला पाहिजे, काम तेच आहे.

काळजीचंही सांगतो, तू बाप आहेस. पाठ सांभाळावी लागते. ऐंशी किलोचा माणूस चुकीच्या पद्धतीने धरला तर आपणच पेशंट होतो. होम व्हिजिट असतात. पहिल्यांदा कुठल्याही घरी एकटीला मी पाठवत नाही, कॉलेजातही तिने हे विचारून घ्यावं. आणि काही पेशंट सुधारत नाहीत. सहा महिने राबूनही हात तसाच राहतो. मामांचा हात अजून कामाचा नाही, एकावरून दोनावर गेलाय, बस. पायात स्प्लिंट घालून तीन पायांच्या काठीवर मात्र चालतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी लुळा, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. "चहा" म्हणतात. बायकोला हाक मारता येत नाही अजून, त्याचं त्यांना फार लागतं.

तर मालिशचं उत्तर मी दिलंय असं वाटतं. घालू का, याचं उत्तर मी देणार नाही, लेकच देईल. तिला दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर माझ्याकडे पाठव. ताई कळव्याला आहेच, तिथून येऊन-जाऊन करेल. ठाण्याला उतरून नऊ किंवा दहा नंबरवरून वाशी-पनवेलची गाडी धरायची. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली आणि मग कोपरखैरणे. स्टेशनवर मी येईन घ्यायला. नखं कापलेली हवीत, हातात अंगठी-बांगड्या नकोत, पायात सपाट बूट. पहिले दोन दिवस नुसतं बघायचं, तिसऱ्या दिवशी हात लावू देईन.

मामा मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला येतात. मोजायला तिलाच बसवणार आहे, तेव्हा पहिला आकडा काय म्हणायचा ते घरूनच सांगून पाठव.

तुझा,
दिनू