काका, तो पाय माझ्या हातात दिलात म्हणून

काका, सप्रेम नमस्कार.

कथा पूर्ण झाली. परवा रात्री शेवटचं वाक्य लिहिलं आणि सगळ्यात आधी तुमची आठवण आली. फोन करता आला असता, पण तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असतात. म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे. नाव घालू नका म्हणालात, ते पाळलंय.

तीन वर्षं ही विज्ञानकथा खलनायकापाशी अडून बसली होती. अर्धा माणूस, अर्धं यंत्र असा सायबोर्ग. नाव ठेवलं होतं वज्रदेह. पोलादी हात, डाव्या डोळ्याच्या जागी कॅमेरा, एका ठोशात भिंत पाडणारी ताकद. इतकं सगळं देऊनही कागदावर तो उभा राहत नव्हता. वाचणाऱ्याला त्याची भीती वाटत नव्हती आणि कीवही येत नव्हती. एका लेखन कार्यशाळेत वाचून दाखवला, तर मार्गदर्शकांनी डोळा लाल करा आणि हसणं वाढवा एवढंच सांगितलं. एका संपादकांनी हस्तलिखित सात महिने ठेवून घेतलं आणि ‘खलनायक परिणामकारक नाही’ या तीन शब्दांसह परत केलं. का नाही, ते विचारायला गेले तर भेट मिळाली नाही. यंत्रमानवांवर काम करणाऱ्या एका अभियंत्यांनी कथाबिथांसाठी वेळ नाही म्हणून फोन ठेवला. हे सगळं अजून दुखतं. मी त्यांच्याकडे कौतुक मागायला गेले नव्हते, चूक कुठे होतेय तेवढंच मला कळायला हवं होतं.

तुमच्या कृत्रिम हातपायांच्या वर्कशॉपात आले तीही खरं तर चुकीचा प्रश्न घेऊन. पोलादी हात किती वजन उचलू शकेल, हे मला विचारायचं होतं. तुम्ही सकाळपासून उभे होता, हात प्लास्टरने माखलेले, बाहेर बाकावर माणसं बसलेली. तरी म्हणालात, "कागद ठेवून जा, रात्री वाचतो." आणि खरंच वाचलेत. चोवीसच्या चोवीस पानं. पुढच्या आठवड्यात आले तेव्हा पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीने एक ओळ होती: ‘हा रात्री पाय कुठे ठेवतो?’

मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं या माणसाबरोबर राहून तो झोपतो कसा, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग तुम्ही दार लोटलंत, खुर्ची ओढून समोर बसलात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीत आणि पाय काढून माझ्या हातात दिलात. "धरा. वजन बघा." तुमचा एक पाय कृत्रिम आहे हे तोवर मला माहीत नव्हतं. दोनदा भेटून, तुमच्यामागून वर्कशॉपभर फिरूनही लक्षात आलं नव्हतं. तो सॉकेटच्या आत, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या वाटीत, अजून कोमट होता. कुठे धरावा, कुठे ठेवावा, मला समजेना. "मांडीवर ठेवा," म्हणालात, आणि स्टंपवरचे, म्हणजे उरलेल्या पायावरचे, मोजे एकेक करून दाखवू लागलात. सकाळी एक, दुपारी दोन, संध्याकाळी तीन. दिवसभरात स्टंप आक्रसतो, सॉकेट सैल होतं, मग मोजा वाढवायचा. उन्हाळ्यात घामाने सरकतं ते वेगळंच.

तेव्हा मी माझं पुस्तकी ज्ञान पुढे केलं होतं, आठवतं? ‘सायबोर्ग’ हा शब्द १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी अंतराळवीरांचा विचार करताना घडवला. पृथ्वीवरची हवा डब्यात भरून वर नेण्यापेक्षा माणसाच्या शरीरातच बदल करावेत, आणि ते बदल आपोआप चालावेत, म्हणजे माणूस यंत्राचा गुलाम होणार नाही, विचार करायला मोकळा राहील, अशी त्यांची कल्पना. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मोकळा कुठला ताई? मी सभेत बसलो तरी निम्मं लक्ष मोज्यात असतं."

तेवढ्यात चहा आला. मुलगा कप दाराजवळच्या टेबलावर ठेवून गेला. तुम्ही उठायला निघालात आणि थांबलात, कारण तुमचा पाय माझ्या मांडीवर होता. मग म्हणालात, "चहा जरा इकडे देता का?"

काका, दिवसभर दुसऱ्यांना उभं करणारा माणूस एका अनोळखी बाईकडे चहाचा कप मागतोय, आणि तेही तिच्या कथेतल्या एका खोट्या माणसासाठी. मी कप दिला आणि पुन्हा पाय मांडीवर घेतला. तुम्ही बोलत माझ्याशी होता, पण नजर सतत पायावर होती. मी तो जरा हलवला की तुमचं वाक्य अडखळायचं. माझ्या लक्षात आलंय हे तुम्हालाही कळलं. "दुसऱ्याच्या हातात आहे ना," म्हणालात, "म्हणून."

माझा खलनायक मला त्या एका ‘म्हणून’मध्ये सापडला.

त्याच रात्री वज्रदेह हे नाव खोडलं. आता तो सदानंद आहे, बंदरावरचा क्रेन चालवणारा. अपघातात दोन्ही पाय गेले, कंपनीने यंत्राचे पाय बसवून दिले, पण ते कंपनीच्याच मालकीचे. कंपनी बुडते आणि पाय एकेका सांध्याने बंद पडायला लागतात. हे मला कल्पनेतून आणावंही लागलं नाही. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीच्या ‘आर्गस-२’ या कृत्रिम दृष्टिपटलाला तिथे २०१३ मध्ये परवानगी मिळाली. जगभरात साडेतीनशेहून अधिक माणसांच्या डोळ्यांत ते बसवलं गेलं. पुढे कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं आणि ती माणसं डोळ्यात जुनं यंत्र घेऊन मागे राहिली. तुम्ही सांगितलेली ती बाईही मी विसरले नाही, सुट्टा भाग मिळेना म्हणून जिचा महागडा विजेचा हात कपाटात साडीत गुंडाळून ठेवलाय.

सदानंदला भिंती पाडायच्या नाहीत. त्याला इतरांच्या शरीरातली यंत्रं कशी बंद करायची ते समजलंय, आणि ती बंद करण्याआधी तो प्रत्येकाला पाणी मागायला लावतो. हे लिहिताना माझा हात थरथरला. तो असा का वागतो हे मला आतून माहीत होतं, आणि तरी मी त्याला माफ करू शकत नव्हते.

तुम्ही आणखी एक गोष्ट अगदी हळू आवाजात सांगितली होती: "पाय गेल्यामुळे तो वाईट झाला असं लिहू नका. माझी माणसंही हे वाचतील." म्हणून कथेत त्याच्याच क्रेनखाली हात गमावलेली रुक्मिणी आली. तिचंही यंत्र बंद पडतं, आणि ती दुसरा रस्ता धरते. शेवटी सदानंदासमोर उभी राहते ती तीच. कथेतलं सगळ्यात चांगलं प्रकरण तिचं आहे आणि ते तुमच्या त्या एका वाक्यावर उभं आहे.

आपल्याकडे मदत करणारा आधी समोरच्याची योग्यता तपासतो. कुठे छापून आलंय, कोणाची ओळख आहे, यातून आपल्याला काय मिळणार. तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. विज्ञानकथा वाचत नाही, असंही सांगून टाकलंत. समोर कोणीतरी अडलंय, एवढं तुम्हाला पुरलं. अशी माणसं असतात आणि बहुतेकदा ती कुठल्या तरी वर्कशॉपात, शाळेच्या ग्रंथालयात, एसटीच्या चौकशी खिडकीमागे गुपचूप काम करत असतात. आम्ही लिहिणारे मात्र मोठी नावं शोधत फिरतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. तुम्ही तुमचा पाय पलंगाच्या उजवीकडे, बूट घातलेला, भिंतीला टेकवून ठेवता. सदानंद काढतच नाही. काढला आणि पुन्हा चालू झाला नाही तर, या भीतीने चार वर्षं तो पायांसकट झोपतोय. आत जखम झाली आहे, ते त्याला माहीत आहे. कथेचं पहिलं वाक्य आता तेच आहे.

पुढच्या महिन्यात पुण्याला येते आहे, छापील प्रत घेऊन. या वेळी चहा मी घेऊन येईन. पाय काढायची गरज नाही.

तुमची,
कथावाली ताई