‘बनावट पनीर’ म्हणजे नेमकं काय, ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पनीरवरच्या छाप्यांच्या बातम्यांत ‘भेसळयुक्त’, ‘बनावट’ आणि ‘नकली’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. दूध उत्पादक म्हणून मला हे फार खटकतं.

दुधात पाणी किंवा हळदीत मेटानिल यलो हा रंग घातला की ती भेसळ. मूळ वस्तू तिथे असते, ती बिघडवलेली असते. बनावट म्हणजे वस्तू ती नव्हेच. पण वनस्पती तेल आणि दूध पावडर वापरून केलेलं, पनीरसारखं दिसणारं ‘अ‍ॅनालॉग’ यांपैकी कशातच सरळ बसत नाही. लेबलवर स्पष्ट छापून ते विकायला कायद्याची मुभा आहे. लबाडी होते ती पिशवी फोडल्यावर. तोच माल सुटा विकला जातो किंवा हॉटेलच्या भटारखान्यात जातो आणि मेनूकार्डावर ‘पनीर’ होतो. पनीर म्हणायचं तर कोरड्या अंशात (पाणी सोडून उरलेल्या भागात) किमान ५० टक्के दुधाचं फॅट हवं, असं मानक आहे.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात चुकीच्या नावाने विकण्याला तीन लाखांपर्यंत दंड आहे. तुरुंगवास असुरक्षित अन्नासाठी आहे. बातमीत ‘विषारी बनावट पनीर’ वाचलेल्या माणसाला पुढे नुसता दंड झाल्याचं कळलं, की प्रकरण मिटवलं असंच त्याला वाटतं. आणि खरोखर घातक माल सापडतो, तेव्हा त्यासाठी वेगळा शब्दच उरत नाही. बातमीशेजारच्या चौकटीत घरी पनीर तपासायची आयोडीनची चाचणी दिलेली असते. आयोडीन निळं-काळं पडतं ते स्टार्चमुळे. पाम तेल त्यात सापडत नाही, त्यामुळे ती चौकट वाचकाला खोटी खात्री देते.

मार्च २०२५ मध्ये विधानसभेत हा प्रश्न गाजला, त्याचा आनंदच आहे. आमच्या गायीच्या दुधाचा भाव ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) ठरतो. फॅट पॉइंटभर, म्हणजे ०.१ टक्का, घसरलं तरी दर कापतात. ताटातल्या पनीरचं फॅट मात्र कोणी मोजत नाही.

छाप्याची बातमी देताना मालात काय सापडलं, लेबलवर काय होतं, तो कोणत्या नावाने विकला गेला आणि कोणतं कलम लावलं, एवढं कृपया छापावं. प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर तोही त्याच पानावर द्यावा.

आपला,
एक दूध उत्पादक वाचक, संगमनेर