वर्षावनात आधी मोजायला शिकवा

महोदय,

उष्णकटिबंधीय वर्षावनातील अभ्याससहल म्हणजे निसर्गदर्शन, हा समज अजूनही अनेक आयोजकांच्या मनात आहे, म्हणून हे पत्र. अशा सहलीत पहिले दोन दिवस आम्ही टेप, दोरी आणि पेन्सिल (पावसात शाई फुटते) घेऊन केवळ झाडांचे घेर मोजत होतो, आणि माझ्या मते तेच दिवस सर्वांत मोलाचे होते. खोड जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर मोजायचे, हा नियम वाचायला सोपा आहे. पण समोरच्या झाडाची फळ्यांसारखी आधारमुळे डोक्याच्याही वर गेलेली असतात, तेव्हा शिडी लावून, खोड गोल होते तिथे टेप गुंडाळावी लागते आणि ती उंची वहीत लिहावी लागते. ही नोंद राहिली, तर काही वर्षांनी येणारा दुसऱ्याच जागी मोजेल आणि झाड किती वाढले हे कधीच कळणार नाही.

पनामातील बारो कोलोरॅडो बेटावरील 50 हेक्टरच्या प्लॉटमध्ये 1 सेंटिमीटर व त्याहून जाड खोडाची दोन लाखांहून अधिक झाडे 1980च्या दशकापासून पुन्हा पुन्हा मोजली गेली, ती याच चिकाटीने.

पक्ष्यांच्या नोंदींचेही तसेच आहे. दाट पानोऱ्यात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, त्यामुळे पहाटे एका जागी दहा मिनिटे निश्चल उभे राहून आवाज टिपण्याचा सराव लागतो. आयोजकांनी ठिकाणांची संख्या कमी करून एकाच प्लॉटवर विद्यार्थ्यांना किमान दोनदा मोजणी करू द्यावी, ही कळकळीची विनंती.

— जीवशास्त्राची एक विद्यार्थिनी