ती. आई-बाबांना, मेक्सिको सिटीहून

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय जेवलीस?" बाहेर खाल्लं म्हटलं की तिला घोर लागतो आणि घरी केलं म्हटलं की "एकटीपुरतं काय करत असशील!" म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहिते. इथल्या गाड्यांवर आणि आठवडी बाजारात जे मिळतं, त्यावर माझा जीव जडलाय. ते तुम्हा दोघांना माझ्यासमोर बसवून खाऊ घालायचं आहे.

आधी आईचं, कारण तिच्या शाकाहाराचं कसं होणार हीच मोठी काळजी. आमच्या भागात आठवड्यातून एकदा रस्ता बंद करून बाजार भरतो, त्याला तियांगिस म्हणतात. फळवाल्यांच्या रांगेच्या टोकाला एक मावशी मोठा तवा मांडून बसतात. निळ्या मक्याच्या पिठाचा गोळा घ्यायचा, त्यात वाटलेल्या काळ्या घेवड्याचं सारण भरायचं, दोन्ही टोकं निमुळती करत तळहातांवर थापायचं आणि तव्यावर कोरडंच भाजायचं. हा त्लाकोयो. थापताना त्यांचे हात बघत राहावे असे चालतात, बोलणं थांबत नाही आणि कड कुठे फाटत नाही. वर काय घालतात सांगू? निवडुंग! आपल्याकडे कुंपणाला असतो तोच फड्या निवडुंग. कोवळे फडे घेऊन काटे सुरीने काढतात, काप करून कांद्याबरोबर शिजवतात. आंबटसर, जरा बुळबुळीत, पण छान लागतो. वर चुरलेलं चीज आणि हिरवी चटणी. ताटलीवर आधी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते, खाऊन झालं की नुसती पिशवी काढून टाकतात. त्यामुळे ताटल्या कसल्या पाण्यात विसळतात, ही तुझी शंका मिटली.

आई, तू शास्त्र शिकवायचीस म्हणून पुढचं मुद्दाम लिहिते. हे पीठ नुसतं दळलेलं नसतं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी सालं चोळून धुतात आणि ओलाच दळतात. त्याने पीठ चिकट होतं, थापता येतं. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळत नाही, ते चुन्यामुळे मोकळं होतं. युरोपात मका नेला पण ही रीत नेली नाही. मग मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना तिथे पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा रोग, झाला. इथल्या बायकांना ही रीत हजारो वर्षांपासून अवगत होती. मला याचं फार अप्रूप वाटतं.

बाकी तुझ्यासाठी भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी, आहे. वाफवलेल्या मक्याचे दाणे आहेत, एस्कितेस म्हणतात त्यांना. एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला घालून ते शिजवतात आणि पेल्यात भरून लिंबू, तिखट, चीज घालून देतात. त्यात मेयोनीज नको म्हणून आधीच सांगावं लागतं. तमाल, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेला मक्याच्या पिठाचा पदार्थ, मात्र तुझ्यासाठी बाद, त्यात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते. विचारायचं काम माझं.

आता बाबा. इथल्या कोयोआकान भागातल्या चौकात संध्याकाळी न्येवे दे गर्राफा, म्हणजे हाताने फिरवून केलेलं आईस्क्रीम, मिळतं. लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ, मधोमध धातूचा उभा डबा. माणूस तो डबा हाताने गरगर फिरवतो आणि आत कडेला गोठलेला थर लांब पळीने खरवडून मिसळत राहतो. मे महिन्यात ओटीवर तुम्ही पॉट फिरवायचात आणि आम्ही मुलं गोणपाटावर बसून तो घट्ट धरायचो, अगदी तसंच. दूध नसलेलं, लिंबाचं किंवा रामफळाच्या जातीतल्या गुआनाबानाचं न्येवे तर दातांत कचकन वाजतं.

आणि तिथल्या पाटीवर मी चिकोसापोते वाचलं. बाबा, तो चिकू! तुमच्या वाडीत जो काळी पत्ती आहे, त्याचं मूळ इथलं, युकातानच्या जंगलातलं आणि आसपासच्या मध्य अमेरिकेतलं. तिकडे खोडावर नागमोडी चिरा पाडून चीक गोळा करतात, त्याला चिक्ले म्हणतात, आणि अमेरिकेतलं च्युइंगगम पूर्वी त्याच चिकापासून होत असे. ज्या चिकाने तुमचा सदरा डागला म्हणून आई ओरडायची, त्याचा एवढा मोठा धंदा होता. २०१६ साली घोलवडच्या चिकूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते. मला तुम्हाला या गाड्यापाशी उभं करायचं आहे. चव बरी की वाईट ते तुम्ही सांगा, मी सांगितलेलं तुम्ही मानणार नाही. साखरेचं मला ठाऊक आहे, म्हणून दोघांत एक छोटा कप.

उलट प्रवासही झालाय. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिलाहून आकापुल्कोला गलबतं येत. आंबा फिलिपिन्सहून या बाजूने आला, आणि इथल्या एका जातीला आजही मनिलाच म्हणतात. त्याची पालेता, म्हणजे काडीवरचा बर्फाचा गोळा नव्हे, अख्ख्या फोडी गोठवलेली कांडी, तिखटमीठ लावून खातात. ही कांडी करणारे पुष्कळ जण मिचोआकान राज्यातल्या तोकुंबो या लहानशा गावचे. १९४० च्या दशकापासून तिथली माणसं देशभर पांगली आणि गल्लोगल्ली दुकानं टाकली. गावाच्या वेशीवर त्यांनी भलीमोठी पालेताच उभारली आहे. एका गावाने आपल्या हुन्नराचा असा मान ठेवावा, हे मला फार आवडलं.

तर मार्चमध्ये या. तेव्हा पाऊस नसतो आणि रस्त्यांवर जाकारांदाची जांभळी फुलं असतात. शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस बाबांनी घरीच बसायचं, जिने नाहीत, दगदग नाही. निघण्याआधी डॉक्टरांना बीपीच्या गोळ्यांचं विचारून घ्या आणि लिहून आणा. आईचा पासपोर्ट कधी संपतो ते बघून त्या पानाचा फोटो पाठवा, मी तिकिटांचं पाहते.

तुमची,
नीलू