स्वेतलाना नावाविषयी

प्रिय मंदार,

मुलगी झाली तर स्वेतलाना, हे वाचून फार आनंद झाला. फक्त 'प्राचीन स्लाव्ह नाव' असं तू लिहिलंयस, ते मनातून काढ. हे नाव कवितेत जन्मलं. अलेक्सांद्र वस्तोकोव या रशियन कवी-भाषापंडिताने १८०२ मध्ये ते एका काव्यात वापरलं. 'स्वेत' म्हणजे उजेड. आपला 'श्वेत' त्याच मुळातला. तेव्हा तुझ्या आईने लाडाने श्वेता म्हटलं तरी खुशाल म्हणू दे.

लोकांच्या तोंडी ते बसवलं रशियन कवी झुकोव्स्कीने, १८१३ च्या 'स्वेतलाना' या कथाकाव्यातून. येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाची आदली रात्र, मुली भविष्य बघताहेत: फाटकाबाहेर पायातला जोडा फेकायचा, वितळलेलं मेण पाण्यात ओतायचं. स्वेतलाना मेणबत्ती लावून आरशापुढे बसते आणि स्वप्नात तिला आपला प्रियकर मेलेला दिसतो. सकाळी तो धडधाकट दारात येतो! ही कविता वहिनींकडून रशियनमध्येच ऐक.

एवढं लाडकं होऊनही शंभरेक वर्षं बाप्तिस्म्याला ते चालत नसे, कारण चर्चच्या संतयादीत ते नव्हतं. १९१७ नंतर जन्मनोंद सरकारकडे गेली आणि वाट मोकळी झाली. स्तालिनने १९२६ मध्ये जन्मलेल्या मुलीला हेच नाव दिलं. तीच पुढे आपले भारतीय जोडीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन उत्तर प्रदेशात कालाकांकरला आली होती.

वहिनींच्या आईंना बाप्तिस्मा हवाच असेल, तर चर्चमध्ये फोतिनिया हे संत स्त्रीचं नाव घेतात. ग्रीक 'फोस' म्हणजे प्रकाश, त्यावरून. या संत फोतिनियाचा नामदिन, म्हणजे चर्चमधला स्मरणदिन, २ एप्रिल.

उच्चाराची काळजी घे. त दाताचाच, इंग्रजी वळणाचं 'स्वेटलाना' कानाला खुपतं. जोर 'ला'वर, त्यामुळे आधीचा 'स्वे' रशियन तोंडी 'स्वि'कडे झुकतो. घरी स्वेता, लाडात स्वेतच्का. 'स्वेत्का' मैत्रिणींनी म्हणावं, परक्याने म्हटलं तर उद्धट वाटतं. रशियात शाळेत बाई झाली, तर मुलं तिला स्वेतलाना मंदारोव्ना म्हणतील. बापाच्या नावाबरोबर स्वेता कधीच जोडत नाहीत.

कागदांवर रोमन लिपीतलं स्पेलिंग आधी ठरव. रशियन पासपोर्ट आणि भारतीय कागद यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी पुढे प्रत्येक कचेरीत खुलासे देत बसावं लागतं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास